मुलग्यांच्या कपाटातली तलवार

नगरजवळच्या आमच्या गावातले ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालतात आणि त्यावर लाल शाईने ‘मुलगे’ किंवा ‘मुली’ लिहितात. जपानी मांगा चित्रकथांनाही सूट नाही. चित्रात मारामारी दिसली की ‘मुलगे’.

परवा नववीतल्या एका मुलीने त्यातली एक मुलग्यांच्या कपाटातून काढली.

“पोरींचं कपाट तिकडं हाय, बाळ.”

“काका, ह्यात तलवार घेऊन लढती ती पोरगीच हाय.”

त्यांनी पानं चाळली. “मग तर न्हाईच. असलं वाचल्यावर घरी कुनाचं ऐकशील का तू?”

पुस्तक घरी न्यायला मिळणार नाही, हे कळल्यावर ती तिथेच वाचायला बसली. ते माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. मेमधली दुपार होती. घाम पुसत ती पानं उलटत राहिली. आम्ही चौघे पुरुष वर्तमानपत्रं वाचत होतो. बटण माझ्या हाताशी होतं. मला उठावंही लागलं नसतं.