कातळावरचं कलम

गॅलरीतली कुंडी भरायला बाबांनी दिलेली मातीची शेवटची पिशवी परवा उघडली. पाणी शिंपडताच जो वास आला, तो मला ऐंशीच्या दशकातल्या एका श्रावणात घेऊन गेला.

रत्नागिरीजवळ आमची जमीन म्हणजे नुसता कातळ. आंब्याचं कलम लावायचं तर सुरुंगाने खड्डा करायचा आणि माती खालच्या व्हाळाकडून, म्हणजे ओढ्याकडून, डोक्यावर आणायची. बाबा मातीच्या पाट्या आणत होते, मी खड्ड्यात उतरून भरत होतो.

"हे कलम तुझं," बाबा म्हणाले. "आता मुंबईचं नाव काढू नको. ही माती कोण सांभाळणार?"

शेजारचे भिकूकाका हसले. "झिला, कलमाबरोबर तुलाही पुरतायत हो."

माती घोट्यांवर चढली तसा माझा जीव कोंडला. बाबा पुन्हा व्हाळाकडे वळले की मी कडेचे दगड तळाशी लोटायचो आणि वर माती पसरायचो.

वैशाखात कलम वाळलं. बाबा बराच वेळ खड्ड्याच्या काठावर बसले होते.

"माझीच माती कमी पडली रे," ते म्हणाले. "जा तू मुंबईला."

मी गेलो. माती मी खाल्ली होती, ते मात्र स्वतःला दोष देत राहिले. दर सुट्टीत निघताना व्हाळातली माती भरून पिशवी हातात द्यायचे.

"तिकडे विकत घेतात म्हणे. ही ने. तुला कमी पडायला नको."

मी ती घेऊन एसटीत चढायचो.