तेलातलं मीठ

आमच्या खाडीकाठच्या गावात मी पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., केमिस्ट्री. कोणी विचारलं नाही तरी हे मी अजून सांगतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. बाबा धरमतरच्या मिठागरात कामाला. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि तळाचा चिखल न हलवता वरचं मीठ अलगद ओढून काढायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

डिग्रीनंतर मी वर्षभर रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत कंत्राटी होतो. मग आखातातल्या एका रिफायनरीत दोन वर्षांच्या कराराची नोकरी मिळाली. जमिनीतून येणाऱ्या कच्च्या तेलात खारं पाणी असतं. ते तसंच भट्टीकडे गेलं तर पाइप खाऊन टाकतं. म्हणून आधी त्यात गोडं पाणी मिसळायचं, मीठ त्या पाण्यात उतरतं, पाणी टाकीच्या तळाला बसतं, ते खालून सोडून द्यायचं. माझी नेमणूक या टाकीवर. पहिल्या पत्रात मी घरी एका वाक्यात कळवलं, ‘मी इथे तेलातलं मीठ काढतो.’

चूक तिथं झाली. बहिणीनं पत्र वाचून दाखवलं आणि बाबांनी त्यातलं तेल सोडून बाकीचं गावभर सांगितलं. ‘पोरगा तिकडं मीठ काढतो. आपल्याच धंद्यात हाय.’ आमच्याकडे मीठ काढणं याला एकच अर्थ. विमानात बसून परक्या मुलखात मिठागरावर गेलेला मुलगा, अशी माझी कीर्ती पेणच्या बाजारातून पार रोह्याला पोचली.

रोह्याला पोचायला नको होती. धाटावला असताना सकाळच्या शिफ्टची बस मी रोह्याच्या स्टँडवर पकडायचो आणि तिथं एक मुलगी कॉलेजला जाताना दिसायची. तिला मी ओळखत होतो म्हणणं खोटं होईल. पण ती किती वाजता येते, ते मला ठाऊक होतं. आखातात एक वर्ष काढून मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा नातेवाइकांकरवी तिच्याच घरी विचारणा केली. माझं लग्न करायचं तर हिच्याशी, एवढं माझं ठरलेलं होतं. तिचं काय ठरलंय, ते मात्र माहीत नव्हतं.

बाबा आणि मी एस.टी.नं निघालो. हातात पेणच्या पोह्याच्या पापडांचं पुडकं. बाबा वडखळपर्यंत बाहेर बघत कुरकुरत होते, “काय ऊन हाय! मिठाचा एक दिवस वाया.”

मुलीचे वडील धाटावच्या कंपनीत फिटर, घरची थोडी भातशेती. सोबत तिचा मामा बसलेला, हा बोलण्यात पुढे. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, “काय हो, एवढं शिकून मीठच काढायचं होतं, तर धरमतरची खाडी काय आटली होती?”

आत बायका हसल्या. बाबा शांतपणे म्हणाले, “तिकडचं मीठ तेलातलं हाय.”

“तेलात मीठ लोणच्याच्या बरणीत असतं, काका!”

आता मात्र माझ्यातला ग्रॅज्युएट उठला. मी एक रिकामी बाटली, गोडं तेल, मीठ आणि पाणी मागितलं. आतून सरबताची बाटली आली. बाटली घेऊन तीच आली आणि दाराला टेकून उभी राहिली. मी मिठाचं पाणी केलं, तेलात ओतलं आणि बूच लावून बाटली जोरजोरात हलवली. आता पाणी खाली बसणार आणि मामाचं तोंड बंद होणार.

पाणी बसेना. तेल आणि पाणी मिळून ताकासारखं पांढरट झालं. जास्त घुसळलं की असंच होतं, हे रिफायनरीत मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. पण तिथं ती दारात उभी नव्हती.

“वा!” मामा म्हणाला. “ताक झालं. आता लोणी कधी?”

मी पुन्हा बाटलीला हात घातला. बाबा म्हणाले, “ठेव खाली. हात लावू नको. घाई केली का तळ वर येतो.”

बाटली मधोमध ठेवून आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघत बसलो. चहा आला. तिच्या वडिलांनी तेवढ्यात त्यांचा खरा प्रश्न काढला. धाटाव-रोह्याच्या बाजूला मुलाची पत्रिका नंतर बघतात, हा प्रश्न आधी.

“परमनंट आहात का?”

“नाही. करार आहे. तिथं बाहेरच्या माणसाला परमनंट करतच नाहीत. आमचा सुपरवायझर सोळा वर्षं टेम्पररी आहे.”

“सोळा वर्षं टेम्पररी?” ते खो खो हसले. मग हसू आवरून म्हणाले, “आमच्याकडेही कंत्राटी आहेत. त्यांचा गेटपास वेगळ्या रंगाचा.”

“आमचाही. पिवळा.”

तेव्हा ती दारातून बोलली.

“बायकोला तिकडे नेता येतं?”

“आमच्या व्हिसावर नाही.”

“सुट्टी?”

“वर्षातून एकदा.”

“करार संपल्यावर?”

“तो वाढवून देतात. बहुतेक जण सही करतात.”

“बहुतेकांचं नाही विचारलं.”

मी खरं तेच सांगितलं, “मला परत यायचंय. धाटावला मिळेल ते काम बघेन.”

“मग राहिलेलं वर्ष पुरं करा. तोवर माझं बी.ए. होईल. दुसऱ्या करारावर सही करायची नाही.”

“अगो, तू काय कंपनी हायस?” मामा ओरडला.

“कंपनी अटी घालते ना मामा? मग मीपण घातली.”

“मंजूर,” मी म्हणालो. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. आत पुन्हा हसू.

आणि बाबा म्हणाले, “बसलं बघ.”

बाटलीत खाली पाणी, वर तेल, मध्ये सुतासारखी पांढरी रेघ. मी बूच काढलं, तोंडावर अंगठा धरून बाटली उलटी केली आणि बशीत थोडं पाणी सोडलं. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघतंय.

“खारट,” त्यांनी जाहीर केलं. “काढलंस रे.”

वर्षभरानं नव्या कराराचा कागद समोर आला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, सही कर, वेडा आहेस का? मी त्याला म्हटलं, माझा दुसरीकडे करार झालाय. लग्न झालं. धाटावला रंग बनवणाऱ्या कंपनीत लागलो, पुन्हा कंत्राटीच. परमनंटचं पत्र हातात पडायला आणखी तीन वर्षं लागली. ते मी आधी बायकोला दिलं. तिनं उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि म्हणाली, “तरी माझ्याकडे तुम्ही प्रोबेशनवरच.”

त्या रविवारी गावी गेलो. बाबांना पत्रापेक्षा कामात रस.

“इथं काय काढतोस?”

“काढत नाही. मीठ टाकतो. पाण्यातला रंग वेगळा करायला मीठ घालावं लागतं. पोत्यांनी.”

बाबा ताठ बसले. “पोत्यांनी? कुठलं मीठ?”

“आपल्या खाडीचं.”

बाबा आत वळून आईला म्हणाले, “ऐकलंस गो? पोरगा आता कामाला लागला.”