कागदावर पाडलेली भिंत

हडपसरला आमच्या बोळाच्या तोंडाशी शेजाऱ्याने छातीएवढी भिंत घातली, तेव्हा वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागत होतं. एका कडेला जेमतेम फूटभर फट उरली होती. पाय चालत होते तोवर ते तिच्यातून आडवे सरकत. पुढे मी आणि रिक्षावाला त्यांना खुर्चीसकट भिंतीवरून पलीकडे उतरवू लागलो. एकदा खुर्ची कलली, कपाळाला खोक पडली. तरी म्हणाले, "आपण कायद्याने जाऊ." तीस वर्षं त्यांनी कोर्टात निकालांच्या नकला काढल्या होत्या. दुसरं काय म्हणणार?

आम्ही दावा जिंकलो. रस्ता वहिवाटीचा, भिंत काढावी, असा स्वच्छ निकाल. वडिलांनी पेढे वाटायला लावले, पथ्यामुळे स्वतः नुसता वास घेतला.

पाडायचं काम तहसील कचेरीचं होतं. पाच महिने चकरा मारल्यावर पत्र आलं : भिंत हटविण्यात आली आहे, प्रकरण बंद. भिंत जागच्या जागी होती. मी फोटो घेऊन कचेरीत धावलो. साहेबांनी ते शांतपणे पाहिले.

"अहो, रेकॉर्डला भिंतच नाहीये. नसलेली भिंत पाडायला माणसं कशी पाठवू? आपण नव्याने अर्ज द्या."

पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावताना मला रडू कोसळलं. नव्या अर्जाइतके दिवस वडिलांकडे नव्हते.

घरी त्यांनी पत्र दोनदा वाचलं. जावक क्रमांक पाहिला, शिक्का पाहिला. मग तोंड फिरवून म्हणाले, "चौकातल्या फ्लेक्सवर तो भाऊ असतो ना, त्याला सांग."

त्या माणसाचं नावही ते घरात घेऊ देत नसत. मी हो-नाही न करता गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चार माणसं घेऊन आला. वीस मिनिटांत भिंत भुईसपाट झाली. शेजारी दारात आला आणि दार लावून आत गेला.

"काका, आता काय अडचण हाय का?" भाऊने विचारलं. "शेजाऱ्याचं काय, कुणाचंबी काय असलं तरी सांगा."

वडिलांनी खुर्चीतूनच वाकून त्याला हात जोडले. न्यायाधीशांनाही ते ताठ मानेने नमस्कार करत, हे मी लहानपणी कोर्टात पाहिलं होतं. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. पण खुर्ची विटांच्या ढिगाशेजारून सरळ रस्त्यावर गेली आणि मला फक्त आनंद झाला.