पुजलेली कडबाकुट्टी

आमच्या कुपवाडच्या कारखान्याच्या मालकाचा मला अजून राग आहे, आणि तो ओसरावा असं मला मुळीच वाटत नाही. गिऱ्हाइकाला काय हवं ते ऐकून यायचं, त्याचं ड्रॉइंग करायचं आणि मशीन कधी बाहेर पडेल याचं वेळापत्रक लावायचं, हे माझं काम. मालकाच्या मते यातलं फक्त वेळापत्रक खरं. बाकीच्याला तो 'पेट्रोल जाळणं' म्हणायचा.

त्या वर्षी नवी कडबाकुट्टी, म्हणजे गुरांचा चारा बारीक कापायची मशीन, काढायची होती. मी फलटणकडच्या एका गोठ्यावर गेलो. मुलगा फौजेत, गोठा सासरा आणि सून बघायची. बघायची म्हणजे सासरा बाजेवर बसून बघायचा. त्यानं तासभर मला सांगितलं. मोटर दांडगी हवी, रंग लाल हवा, आवाज शेजारच्या वस्तीवर गेला पाहिजे. मी सगळं टिपून घेतलं. निघताना गोठ्यात डोकावलो, तर सून जुन्या मशीनवर कुट्टी करायला उभी होती आणि हातातल्या बांगड्या कोपराकडं सारून वर फडकं बांधत होती. हे कशाला, असं मी विचारलं.

"आवं, शेवटचा चारा हातानंच रेटावा लागतोय. तवा बांगड्या रुळाला लागत्यात. आज बांगडी लागली, उद्या हात जाईल. तेवढं तोंड लांब करा बगा. मोटर न्हाई वाढवली तरी चालंल."

चारा ओढणारे रूळ आणि त्यांच्या लगेच मागं फिरणारी पाती. चारा घालायचा ट्रे इतका तोकडा, की तिचं मनगट रुळापर्यंत सहज पोचत होतं. दिवसभरात ऐकलेलं कामाचं बोलणं एवढंच. आणि मी गाढवानं त्याचं काय केलं? ऑफिसच्या तक्त्यात लिहिलं, 'चारा भरणे अधिक सोयीचे असावे.' कसलं डोंबलाचं सोयीचं! बाईचा हात वाचवायचा होता. पण तक्त्यात असंच लिहायची पद्धत, आणि मी पडलो पद्धतशीर माणूस. नुसती सोयच आहे म्हणून मालकानं ते पुढच्या वर्षावर ढकललं. लाल रंग आणि दांडगी मोटर मात्र मंजूर झाली.

तेव्हा माझे डोळे उघडले. हातभर लांब आणि वरून झाकलेल्या ट्रेचं नवं ड्रॉइंग घेऊन मी मालकाकडं गेलो. आधी चुकीचं लिहिलं हेही सांगितलं. निदान नमुन्याची मशीन पंधरा दिवस त्या गोठ्यावर चालवून बघू, असं वेळापत्रकात होतंच. त्यानं ते पंधरा दिवस माझ्यासमोर पेनानं खोडले.

"खंडेनवमीला मशीन पुजायची हाय. दसरा चुकला तर माल कवा खपवायचा? तू खपवणार हायस?"

खंडेनवमीला तोकड्या ट्रेची ती लाल मशीन शेडच्या मधोमध उभी राहिली. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, पेढे. दसऱ्यानंतर काम सुरू झालं, तेव्हा मी म्हटलं, पुढचा माल काढण्याआधी हिचा ट्रे कापू आणि लांबडा जोडू. मालक अंगावरच आला.

"पुजल्याल्या मशीनला कटर लावतोस? अक्कल गहाण ठेवलीस काय रं? हिच्यासारख्याच सगळ्या काढायच्या!"

आमच्याकडं डिझाइन असं पक्कं होतं, नारळ फुटला की. त्यात देवाला कशाला गोवायचं? त्यानं काही ट्रेची लांबी सांगितली नव्हती. मी लांब ट्रेचं ड्रॉइंग त्याच्यासमोर धरलं.

"मालक, देवाची मशीन आहे ना? मग तुमच्या सूनबाईंना बोलवा. पाच पेंढ्या इथं कापून दाखवू देत. मी माझं ड्रॉइंग फाडून टाकतो."

"डोकं फिरलं काय तुजं? तिचा हात गेला म्हंजे?"

बोलून गेला. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. मी आपला मूर्खासारखा त्याला समजावत बसलो होतो.

कोपऱ्यात आमचा वेल्डर उभा होता. मिरजेकडच्या खेड्यातून रोज मोटरसायकलवर येणारा, घरी दोन म्हशी असलेला माणूस. मालकासमोर तोंड उघडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"माझी घरची रोज घालती हात, मालक," तो म्हणाला.

त्यानं मशीनवरचा हार काढून खिळ्याला नीट अडकवला, मशीनला हात लावून नमस्कार केला, आणि ट्रे कापायला ग्राइंडर चालू केला.