एका पायरीची खोली

कडूबाईला तळमजल्यावरचीच खोली पाहिजे होती. सात महिन्यांपूर्वी नवऱ्याचं, पुंडलिकचं, अर्धं अंग गेलं. राहती खोली दुसऱ्या मजल्यावर. दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी त्याला उचलून खाली आणायचं. त्यात मालकानं पोराच्या लग्नासाठी तीही मोकळी करायला सांगितलेली, आणि हातात उरलेले पाच दिवस.

होस्टेलातल्या पोळ्या लाटून झाल्या की बाई खोल्या बघत फिरायची. पडेगावपासून सिडकोपर्यंत चपला झिजल्या. आणि इथले घरमालक तरी काय एकेक नमुने! भाड्याचं नंतर, आधी आडनाव. जाधव म्हटल्यानं त्यांचं भागत नाही, जाधव सगळ्यांत असतात. मग गाव कोणतं, घर गावाच्या कुठल्या बाजूला, कुलदैवत कोणतं. कडूबाई सरळ सांगायची, आम्ही बौद्ध. की लगेच ती खोली कालच गेलेली असायची. अशा सहा गेल्या.

सातवी लीलाबाईंची. खोलीचं दार बाजूच्या बोळात, दाराला एकच पायरी. यावेळी विचारतील तेवढंच बोलायचं, असं कडूबाईनं ठरवून टाकलं. दवाखान्यातून परतताना पुंडलिकला बोळाच्या तोंडाशी रिक्षातच बसवून बजावलं, "मी येईस्तोवर हलू नका." आणि ती लीलाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसली. फाटकाशी आणखी दोन कुटुंबं ताटकळत उभी होती.

"जाधव म्हणजे कन्नड तालुक्याकडचे का?" लीलाबाईंनी विचारलं.

"व्हय, कन्नडचेच."

"मग आपलीच माणसं निघाली की! आमच्या सुनेचं माहेर तिकडचंच."

कडूबाई गप्प बसली. आपण खोटं बोललो नाही, असं ती स्वतःला समजावत होती. पण असं गप्प बसायची तिला लाज वाटत होती.

"आमच्याकडं पाणी आठव्या दिवशी येतं," लीलाबाई म्हणाल्या. "मोठं खटलं मला नाय परवडत. तुम्ही दोघंच, बरं झालं." त्यांनी खिळ्यावरची चावी काढून पुढं केली.

तेवढ्यात कडूबाईच्या पिशवीतला फोन वाजला. चावीवरची नजर न काढता तिनं तो कानाला लावला आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाली, "जयभीम."

जीभच ती. कुणाचाही फोन आला तरी आधी तेच म्हणायची.

लीलाबाईंचा हात मागं गेला. चावी पदराआड झाली. "अगं बाई, जावयानं कुणाला तरी शब्द दिलाय. आत्ता ध्यानात आलं माझ्या."

आत्ता! थाप मारायला तरी जरा वेळ घ्यावा माणसानं.

"जयभीम म्हणाले म्हणून आलं का ध्यानात?" कडूबाईनं विचारलं. आवाज चढला नाही.

लीलाबाई फाटकाकडं बघून म्हणाल्या, "तसं नाय हो."

कडूबाई उठली. फोन अजून चालूच होता. पलीकडून पुंडलिक अडखळत, धापा टाकत बोलत होता.

"कडू, ऐकती का? रागावू नको. भिंतीला धरून आलो मी बोळातून. पायरी चढलो गं, एकट्यानं. दारातच उभा हाय. ये, चावी घेऊन ये."