शास्त्र्यांच्या घरी कुत्रीचं स्थळ

काशीतलं एकूण एक कुत्रं मला ओळखतं. खोटं वाटत असेल तर पोटरी दाखवतो, तिघांच्या सह्या आहेत. एवढ्या भांडवलावर गल्लीतले लोक मला कुत्र्यांतला जाणकार समजतात, आणि मी कशाला नाही म्हणू? सातवीत दोनदा बसून शाळा सोडलेल्या माणसाला जाणकार म्हणणारे रोज थोडेच भेटतात! आता रिकामा म्हातारा ओट्यावर बसला की असले किस्से आपोआप त्याच्या मांडीवर येऊन पडतात.

मंगला गौरीच्या देवळामागे आमच्या शेजारी दादाशास्त्री राहतात. मुलगा श्रीधर बँकेत, सून वसुधा, आणि दोन नाती. गार्गी अकरा वर्षांची, मिठी सात. गेल्या वर्षी गल्लीत एका धावत्या कुत्र्याने मिठीला धक्का देऊन पाडलं. चावलं नाही, पण पोरीने गल्लीत पाय टाकणंच सोडलं. रोज शाळेला बापाच्या पाठंगुळी. शेवटी श्रीधरची कंबर धरली, तेव्हा वसुधाने जाहीर केलं, "शेल्टरमधलं एखादं शांत कुत्रं घरी आणू. त्याला घर मिळेल, हिची भीती जाईल."

श्रीधर म्हणाला, भीती वाढली तर? वसुधा म्हणाली, तर तुमची पाठ आहेच.

* * *

दादाशास्त्र्यांनी अट घातली: आधी पत्रिका. घरात नवीन जीव येणार, ग्रह नकोत का बघायला? आता शेल्टरमधल्या कुत्र्याची जन्मवेळ कोण सांगणार? मी म्हटलं, मी आणतो.

घरी गेलो, माझीच जुनी कुंडली काढली, वर्ष गाळून नुसते ग्रह कागदावर उतरवले आणि दिले नेऊन. दादांनी चष्मा लावून अर्धा तास डोकं घातलं. म्हणाले, "प्राणी लबाड आहे. कारण नसताना भुंकेल, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालेल, शिकवलेलं काही शिकणार नाही. मुलाबाळांच्या घरात मुळीच नको."

वसुधाचा चेहरा पडला. मग मला कबूल करावंच लागलं, की पत्रिका माझी आहे.

दादांनी चष्मा पुसला. "तुझी होय? मग हरकत नाही. आणा कुत्रं."

* * *

रविवारी सगळे शेल्टरला निघाले. श्रीधरने दोन बहिणींची लग्नं जुळवलेली, त्यामुळे बघायला जायचं म्हटलं की त्याचे हात आपोआप पेढ्यांकडे जातात. वसुधा शालू नेसली. दादांनी पगडी घातली. आम्ही मुलाकडचे, अशा थाटात ऑटोतून उतरलो. मिठी तेवढी उतरली नाही. ऑटोत पाय वर घेऊन बसली.

शेल्टरच्या डॉक्टरीणबाईंनी पेढे बाजूला ठेवले आणि आमचीच परीक्षा सुरू केली. दिवसभर घरी कोण असतं? गच्चीचा कठडा केवढा? मुली शेपटी ओढतात का? श्रीधर घाबरून भलतंच सांगायला लागला: नोकरी पर्मनंट आहे, घर स्वतःचं आहे.

बाई म्हणाल्या, "कुत्ते को नौकरी से क्या लेना है? ये बताइए, घर में गुस्सा किसको आता है?"

सगळ्यांनी एकदम दादाशास्त्र्यांकडे बघितलं. दादा पगडी नीट करू लागले.

* * *

गार्गीला एक गुबगुबीत पिल्लू आवडलं. बाई म्हणाल्या, पिल्लाला दात शिवशिवतात, ते लहान मुलांचे हातच धरतं. त्यापेक्षा वाढलेलं, स्वभाव कळलेलं न्या. मग पितळी ताट आपटून बघायचं, कोण दचकून अंगावर येतं, कोण नाही.

म्हटलं, ताट कशाला, मी आहे. आणि लहान पोरासारखा किंचाळत, हात हलवत अंगणभर धावलो. सहा-सात कुत्री भुंकत उठली. एका तांबूस कुत्रीने, जिचा एक कान फाटलेला होता, डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि जांभई देऊन परत झोपली.

वसुधा म्हणाली, "हीच. अण्णाकाकांना हिने पहिल्या नजरेत ओळखलं."

* * *

पण मिठीचं काय? बाईंनी सांगितलं, बोलवू नका, ढकलू नका, नुसतं आणत राहा. दुसऱ्या रविवारी मिठी फाटकाशी उभी राहिली. तिसऱ्या रविवारी बाकावर बसली. कुत्री जवळ आली आणि तिच्याकडे पाठ करून बसली. बराच वेळ दोघींपैकी कोणी हललं नाही. मग मिठी हळूच बापाला म्हणाली, "बाबा, ये मुझसे डरती है क्या?" आणि एका बोटाने तिच्या पाठीला हात लावला.

बाईंनी आठ दिवसांच्या बोलीवर कुत्री घरी दिली. आठव्या दिवशी त्या येऊन बघणार, मग कायमचं ठरणार.

दादांच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायचं, असा नियम. कुत्रीला येत होती फक्त हिंदी. तीन दिवस दादा "बस, बस" म्हणत राहिले आणि ती उभी. चौथ्या दिवशी दादांनी दार लावून घेतलं. आतून बारीक आवाज आला, "बैठिए."

* * *

आता माझा पराक्रम. आठव्या दिवशी सकाळी मिठी दारात कुत्रीला पोळी भरवत होती. मला राहवेना. म्हटलं, "भरव, भरव. आज त्या बाई हिला परत न्यायला येणार आहेत." आणि चहा प्यायला गेलो.

परत आलो तर घरात आकांत. मिठी नाही, कुत्री नाही. वसुधा जिना चढते-उतरते आहे, श्रीधर कंबर धरून गल्लीभर हाका मारतो आहे. मी काय बोललो होतो ते सांगितलं, तेव्हा वसुधाने माझ्याकडे जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही.

सापडली ती खाली घाटावर. पायरीवर बसलेली, कुत्रीच्या गळ्यात हात. ज्या गल्लीत वर्षभर पाय टाकला नव्हता, तीच सबंध गल्ली एकटीने उतरून आलेली. वसुधा रडायला लागली, श्रीधर मटकन खालीच बसला.

मला जरा जोर आला. म्हटलं, "बघितलंत? माझ्या एका थापेने काम झालं. अगं मिठे, मी गंमत केली. कोणी नेत नाही हिला."

मिठीने कुत्रीला आणखी जवळ ओढलं आणि मला खालून वर न्याहाळलं.

"अण्णाआजोबा, तुम्हाला परत द्यायचं असेल तर कुठे नेऊन द्यायचं?"