शिडीवरचे रेफिकभाऊ

रेफिकभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवर. १९६७चा डिसेंबर, आमच्या अल्बेनियाच्या राजधानीतलं, तिरानाचं स्टेडियम, आणि समोर पश्चिम जर्मनीचा संघ. आम्हाला हरवलं की युरोपच्या स्पर्धेत त्यांचा पुढचा रस्ता मोकळा होता, आणि ते हरवणारच असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी बावीस वर्षांची, नुकतीच शाळेत रुजू झालेली, भावाबरोबर गेले होते. फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, म्हणून लक्ष गुणफलकाकडे गेलं. तिथे एक सडपातळ तरुण शिडीवर उभा होता. खांद्याला दोरीने पत्र्याचे आकडे अडकवलेले; आमचे लाल, पाहुण्यांचे पांढरे. नव्वद मिनिटं तो तसाच थंडीत उभा राहिला आणि त्याने काहीही केलं नाही. शून्य-शून्य. जर्मन स्पर्धेबाहेर गेले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, तेव्हा त्याने बाहीने दोन्ही शून्यं पुसली आणि मग सावकाश खाली उतरला.

पुढे लग्न होऊन मी आले ती नेमकी त्यांच्याच अंगणातल्या शेजारच्या घरात. भिंतीला भिंत लागून घरं.

स्टेडियमवर विजेचा फलक आला तेव्हा रेफिकभाऊंनी जुने आकडे घरी आणले. त्यांच्या मुलीने, नेविलाने, दोन-चार पाट्या कोबीच्या लोणच्याच्या पिंपांवर झाकण म्हणून घातल्या. लाल एकला मात्र हात लावायची सोय नव्हती. तो त्यांनी राखून ठेवला होता. आमचा संघ युरोपच्या मुख्य स्पर्धेत पोचेल आणि तिथे पहिला गोल करेल, त्या दिवसासाठी.

तो संघ पोचला २०१६ साली. द्राक्षाच्या मांडवाखाली टीव्ही आला, भिंतीत पाट्यांसाठी दोन खिळे ठोकले गेले, शिडी लागली आणि रेफिकभाऊ वर चढले. पहिला सामना आम्ही एका गोलाने हरलो. दुसरा फ्रान्सशी, त्यांच्याच देशात. एकोणनव्वदाव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य! रेफिकभाऊंना राहवलं नाही. सगळ्यांसाठी राकी ओतायला ते खाली उतरले. बाटलीचं बूच निघालं आणि फ्रान्सचा गोल झाला. मग आणखी एक.

"मी उतरलो," ते म्हणाले. "शिट्टी व्हायच्या आधी कधी उतरलो नव्हतो."

"रेफिकभाऊ, चेंडूला काय कळतंय तुम्ही कुठे आहात ते?"

"चेंडूला नाही कळत, बाई. मला कळतं."

उरला एकच सामना, रुमानियाशी. रेफिकभाऊ शहात्तर वर्षांचे होते, गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं. आणखी चार वर्षं थांबायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांना चढू द्यायची नेविलाची नव्हती.

"बाबा, गोल झाला तर पाटी मी लावते. तुम्ही खुर्चीत बसा."

"तू लोणच्यावर लाव."

"पडलात तर मी बघणार नाही हं, सांगून ठेवते!"

"नको बघूस. सामना बघ."

शेवटी मी म्हटलं, शिडी मी धरते. नेविलाने कपाळावर हात मारला. "वा! म्हणजे दोघांना उचलायचं!" खरंच होतं. आमच्या दोघांच्या वयाची बेरीज दीडशेला तीन कमी.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला आमच्या संघाने गोल केला. अंगणात खुर्च्या उलथल्या. मी वर पाहिलं, तर रेफिकभाऊ पाटी हातात धरून नुसते उभे. पाटीचं भोक खिळ्याला सापडत नव्हतं.

"लावा की!" पलीकडचा आगीम ओरडला. "की त्यांना परत खेळायला सांगू?"

लाल एक लागला.

"आता तरी उतरा," नेविला म्हणाली.

"त्यांचं शून्य अजून राखायचंय, पोरी."

मध्यंतरातही ते उतरले नाहीत. तिने कॉफी वर दिली, एका हाताने प्यायले. उत्तरार्धात ते डाव्या पायावर भार टाकत नाहीत, हे मला शिडीतून जाणवत होतं. एकदा विचारलं, दुखतंय का? "विचारू नका, बाई." मग मी विचारलं नाही. नेविला कधीतरी येऊन शिडीची दुसरी बाजू धरून उभी राहिली. सामन्याचा शेवट तिने पाठमोरी राहूनच ऐकला.

शिट्टी झाली. रेफिकभाऊंनी बाहीने लाल एक पुसला, मग पांढरं शून्य. आणि खाली आले, एकेक पायरी, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून.

इतर गटांचे निकाल लागले, गोलांच्या हिशेबात आम्ही मागे पडलो आणि आमचा संघ घरी परतला. भिंतीवरच्या पाट्या कुणी काढल्या नाहीत.

रेफिकभाऊ आता पंच्याऐंशीचे आहेत. ते याच अंगणात राहतात, आणि त्यांची शिडी नेविलाने माझ्या घरी ठेवली आहे.